पदव्युत्तर शिक्षणानंतरची नोकरी : वेतनापलीकडचा हिशेब

“उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी” ही म्हण ज्या काळांत रूढ झाली, त्या काळीं शेती म्हणजे घरचें राज्य आणि नोकरी म्हणजे दुसऱ्याची चाकरी, अशी समजूत होती. यवतमाळ जिल्ह्यांत आज ही म्हण कोणीं उच्चारली तर ऐकणारा बहुधा खिन्नपणें हसेल. या जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत कापूस आणि सोयाबीन हीं पिकें मुख्यतः पावसाच्या भरंवशावर निघतात, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भांत जिल्ह्याचें नांव गेल्या कित्येक वर्षांत वर्तमानपत्रांतून वारंवार आलें आहे. येथला शेतकरी आपल्या मुलाला अथवा मुलीला एम्. ए. किंवा एम्. एस्सी. पर्यंत शिकवितो, तो त्या म्हणींतील उतरंड आपल्या घरापुरती तरी उलटी व्हावी म्हणूनच. पाऊस पडो वा न पडो, महिन्याच्या ठराविक तारखेला घरांत ठराविक रक्कम यावी, एवढीच त्याची अपेक्षा असते.

यवतमाळचें अमोलकचंद महाविद्यालय, वणीचें लोकमान्य टिळक महाविद्यालय, पुसदचें फुलसिंग नाईक महाविद्यालय, अशा संस्थांतून शिकून आणि १९८३ सालीं स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाची पदवी घेऊन हा तरुण बाहेर पडला, म्हणजे त्याला घरीं, दारीं आणि लग्नाच्या बैठकींतही एकच प्रश्न विचारला जातो : “पगार किती?” प्रश्न रास्त आहे, परंतु तो अर्धाच आहे. “आणि पगाराखेरीज काय?” हा त्याचा उरलेला अर्धा भाग क्वचितच कोणी विचारतो. नोकरीचें खरें मोल ठरतें तें या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून. तें उत्तर कसें शोधावें आणि त्याचा हिशेब कसा मांडावा, हा या विवेचनाचा विषय आहे.

विहिरीची परीक्षा श्रावणांत होत नाहीं, ती वैशाखांत होते, हें शेतकऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. श्रावणांत प्रत्येक विहिरीला पाणी असतें. त्याचप्रमाणें हातपाय धड असतां, वय पंचविशीचें असतां, आणि काम चालू असतां प्रत्येक नोकरी चांगलीच वाटते. आजारपण, बाळंतपण, अपघात, वार्धक्य आणि मृत्यु हे नोकरदाराच्या आयुष्यांतील वैशाखाचे महिने होत. हात काम करीत नसतांही जी नोकरी घरांत कांहीं आणून देते, तीच सोयी-सवलतींची नोकरी. जी केवळ काम चालू असेपर्यंतच पैसे देते, ती मजुरीच होय. मग ती खुर्चीवर बसून केलेली असो वा वर्गांत उभें राहून.

हा विचार फार जुना नाहीं. जर्मनींत १८८३ सालीं कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा आणि १८८९ सालीं वार्धक्यवेतनाचा कायदा झाला. इंग्लंडांत १९४२ सालीं बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला. हिंदुस्थानांत प्रोफेसर बी. पी. आडारकर यांनीं १९४४ सालीं कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सरकारास सादर केली, आणि तिच्याच पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें तो प्रथम अमलांत आला. त्याच वर्षीं भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. १९६१ सालीं प्रसूति लाभाचा, आणि १९७२ सालीं उपदानाचा, म्हणजे ज्याला सर्वत्र ग्रॅच्युइटी म्हणतात त्याचा कायदा झाला. हे सारे कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत एकवटण्यांत आले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. तात्पर्य, नोकरदाराच्या सोयी-सवलती ही मालकाची मेहेरबानी नसून अनेक दशकांच्या विचारानें बांधलेली कायद्याची भिंत आहे. प्रश्न इतकाच, कीं नवी नोकरी या भिंतीच्या आंत आहे कीं बाहेर?

तें ओळखण्याची पहिली खूण म्हणजे नेमणुकीच्या पत्रांतील शब्द. मराठींत कामाच्या मोबदल्याला चार नांवें आहेत, आणि सुशिक्षित माणूसही तीं एकमेकांच्या जागीं सहज वापरतो. वस्तुतः प्रत्येकाच्या मागें निराळा संसार असतो.

पहिला शब्द ‘अधिछात्रवृत्ति’ किंवा ‘विद्यावेतन’. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ति जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत ही रक्कम डोळ्यांत भरण्यासारखी आहे, परंतु ती शिकणाऱ्याला दिलेली मदत आहे, नोकराला दिलेलें वेतन नव्हे. तिच्यांतून भविष्य निर्वाह निधि कापला जात नाहीं आणि तिचीं वर्षें निवृत्तिवेतनासाठीं मोजलीं जात नाहींत. राज्य शासनानें २०२४ सालीं सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेंत पदवीधर व पदव्युत्तर तरुणांना दरमहा १०,००० रुपये ठरविण्यांत आले, तेंही विद्यावेतनच. प्रशिक्षण संपलें म्हणजे नोकरी लागलीच पाहिजे, असा हक्क त्यांतून उत्पन्न होत नाहीं.

दुसरा शब्द ‘मानधन’. हा शब्द कानाला गोड आहे, पण धनापेक्षां मानावरच त्यांत भर असते. शाळेंतील शिक्षणसेवकाला पहिलीं तीन वर्षें मानधन मिळतें. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये असा त्याचा दर आहे. येथें मानधन हा नियमित वेतनश्रेणीकडे जाणारा जिना आहे, कारण तीन वर्षें समाधानकारक झाल्यावर शिक्षकाला वेतनश्रेणी मिळते. परंतु इतर अनेक ठिकाणीं मानधनाचा जिना कोणत्याच माडीवर जात नाहीं. दरवर्षीं अकरा महिन्यांचा नवा करार होतो, एक-दोन दिवसांचा खंड पडतो, आणि दहा वर्षांनंतरही मनुष्य पहिल्याच पायरीवर उभा असतो. म्हणून मानधन हा शब्द दिसतांच, ‘यापुढें काय?’ हें लेखी विचारून घ्यावें.

तिसरा शब्द ‘तासिका’. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्याला जितके तास, तितके पैसे. १८ जुलै २०१८ च्या नियमांप्रमाणें आणि त्यांतील २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणें, सहायक प्राध्यापक होण्यास पदव्युत्तर पदवीबरोबर नेट, सेट अथवा तत्सम परीक्षा ही किमान पात्रता आहे. नियमित नेमणूक झाली तर आरंभींचें मूळ वेतनच ५७,७०० रुपये असतें. परंतु तीच पदवी, तीच परीक्षा आणि तोच वर्ग असतांही तासिका तत्त्वावरील शिक्षकाला उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटींत कांहीं मिळत नाहीं. आयोगानें जानेवारी २०१९ मध्यें अतिथि अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तींत जास्त ५०,००० रुपये द्यावे, असें सुचविलें. प्रत्यक्ष हातीं येणारी रक्कम या मर्यादेपासून बरीच दूर राहते. नियमित जागेची वाट पाहत या कामांत आठ-दहा वर्षें घालविणारे तरुण प्रत्येक तालुक्यांत आढळतात. त्यांच्या विद्वत्तेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. शंका आहे ती वाट पाहण्याच्या किमतीविषयीं.

चौथा शब्द ‘वेतन’. कायद्याची भिंत उभी आहे ती मुख्यतः या शब्दाच्या सभोंवार. अर्थात् केवळ पत्रांतील शब्दावरून हक्क ठरत नाहीं; प्रत्यक्ष संबंध मालक-नोकराचा आहे कीं नाहीं, हें न्यायालय पाहतें. परंतु देणाऱ्याचा हेतु शब्दावरून कळतो, आणि न्यायालयांत जाण्यापेक्षां आरंभींच सावध राहणें स्वस्त पडतें.

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं जातां काय दिसतें? घाटंजीच्या बाजूचा एखादा एम्. एस्सी. झालेला तरुण घेतला, आणि त्याच्यासमोर दोन नोकऱ्या आहेत असें मानलें. पहिल्या ठिकाणीं दरमहा १७,००० रुपये रोख मिळतात. कपात नाहीं आणि दुसरें कांहींही नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहेत, आणि भविष्य निर्वाह निधि, राज्य विमा व उपदान हीं तिन्ही लागू आहेत. दुसऱ्या ठिकाणीं निधीसाठीं बारा टक्के म्हणजे १,८०० आणि विम्यासाठीं पाऊण टक्का म्हणजे सुमारें ११३ रुपये कापले जाऊन हातीं १३,०८७ रुपये येतात. घरचीं माणसें लगेच म्हणतात, “पहिली नोकरी चार हजारांनीं बरी.”

पण दुसऱ्या ठिकाणीं मालकही तितकेच बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरतो. विम्यासाठीं सव्वातीन टक्के, म्हणजे सुमारें ४८८ रुपये भरतो. आणि दर पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाचें उपदान सांचतें. उपदानाचा महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणून ती रक्कम वर्षाला ८,६५४, अर्थात् महिन्याला सुमारें ७२१ रुपये होते. या तीन रकमांची बेरीज ३,००९ रुपये. म्हणजे दुसऱ्या नोकरीचें खरें मोल महिन्याला १८,००९ आणि वर्षाला २,१६,१०८ रुपये आहे, पहिलीचें २,०४,०००. जी नोकरी चार हजारांनीं कमी दिसत होती ती वस्तुतः वर्षाला बारा हजारांनीं अधिक निघाली. पहिली नोकरी वर्षांतून दहाच महिने पैसे देणारी असेल, तर तिचें मोल १,७०,००० वरच थांबतें. कापलेले १,८०० रुपये कोठें नाहींसे झालेले नसतात. ते त्याच तरुणाच्या नांवावर व्याजानें वाढत असतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षीं त्या निधीवर सव्वाआठ टक्के व्याज जाहीर झालें होतें.

निधीची रचना थोडी समजून घेणें अवश्य आहे. वीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. मालकाच्या बारा टक्क्यांपैकीं ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेकडे जातात आणि उरलेले निधींत राहतात. वर सांगितलेल्या उदाहरणांत दरमहा १,२५० रुपये निवृत्तिवेतनाकडे, आणि तरुणाचे १,८०० व मालकाचे ५५० मिळून २,३५० रुपये निधीकडे जातात. दहा वर्षें सेवा झाली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निवृत्तिवेतनाचा हक्क उत्पन्न होतो. त्याचें गणित सोपें आहे : वेतनाला सेवेच्या वर्षांनीं गुणावें आणि सत्तरांनीं भागावें. १५,००० वेतन आणि पस्तीस वर्षें सेवा असेल तर महिन्याला ७,५०० रुपये. ही रक्कम मोठी नाहीं, पण ती मरेपर्यंत मिळते, आणि पश्चात् जोडीदारालाही त्यांतील कांहीं भाग मिळतो. शिवाय नोकरींत असतां मृत्यु आल्यास, सदस्यानें एक पैही न भरतां, निधीशीं जोडलेल्या विम्यांतून कुटुंबाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळूं शकते. ज्या घरांत कमावता मनुष्य गेला म्हणजे सावकाराच्या दारीं जावें लागतें, त्या घराला या एका ओळीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवावा. ज्याची पहिलीच नेमणूक १५,००० हून अधिक वेतनावर होते, त्याला निधींत घेणें मालकावर सक्तीचें नाहीं. आणि घेतलें तरी १ सप्टेंबर २०१४ नंतर अशा नव्या सदस्याला निवृत्तिवेतन योजनेंत प्रवेश नाहीं. म्हणून वेतन जास्त असलें तर निधीविषयीं अधिकच स्पष्ट विचारावें. याच्या उलट, कांहीं मालक मूळ वेतन अगदीं थोडें दाखवून बाकीचें भत्त्यांत घालीत, म्हणजे निधि व उपदान दोन्ही आपोआप आकसत. नव्या संहितेनें याला आळा घातला आहे : वगळतां येणारे भत्ते एकंदर मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर जास्तीचा भाग वेतनांतच धरला जातो.

राज्य विमा योजना दहा किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेंत आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू आहे. आवश्यक तितके दिवस वर्गणी भरली गेली असेल, तर आजारपणांत वर्षांतून एक्याण्णव दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भरपाई मिळते, आणि कुटुंबाचा औषधोपचार होतो. उपदान साधारणतः पांच वर्षांच्या अखंड सेवेनंतर मिळतें. ठराविक मुदतीच्या करारावर नेमलेल्याला मात्र नव्या संहितेप्रमाणें एक वर्षानंतरच त्याचा हक्क मिळतो. खासगी शाळांतील शिक्षकांना उपदान नाहीं, असा समज फार दिवस होता. २००९ च्या दुरुस्तीनें त्यांना हा हक्क ३ एप्रिल १९९७ पासून मागील परिणामासह देण्यांत आला, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती वैध ठरविली. शिक्षकी पेशाकडे वळणाऱ्या पदव्युत्तर तरुणाला ही गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे.

मुलींच्या बाबतींत तर प्रसूति लाभाचा प्रश्न कळीचा आहे. मागील बारा महिन्यांत ऐशी दिवस काम झालें असेल, तर पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळावयास हवी. करारावरील स्त्रीची मुदत नेमकी रजेच्या काळांत संपली तर काय? २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं मुदत संपली तरी प्रसूतीचा लाभ पुरा दिला पाहिजे. एम्. ए. झालेल्या अनेक मुली लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच नोकरी सोडतात. त्यांत घरच्यांच्या आग्रहाइतकाच, आपला हा हक्क आहे हें ठाऊक नसणें याचाही वाटा असतो.

अशा भिंतीआडच्या नोकऱ्या यवतमाळच्या सोळा तालुक्यांत कोठें शोधाव्या? पहिली वाट अर्थातच शासनाची : लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, जिल्हा परिषद, महसूल आणि वनखातें. शाळांतील जागांसाठीं शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि पवित्र प्रणाली ही वाट आहे. परंतु शासकीय नोकरी म्हणजे जुनी पेन्शन, ही समजूत आतां खरी नाहीं. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा नंतर नेमलेल्यांना जुनी योजना साधारणतः लागू नाहीं; त्यांच्यासाठीं वर्गणीवर आधारलेली योजना आली, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेंत कर्मचाऱ्याच्या दहा टक्क्यांना शासन चौदा टक्के जोडूं लागलें. मार्च २०२३ मध्यें राज्यभर झालेला कर्मचाऱ्यांचा संप याच प्रश्नावर होता. तरीही वेतनाची शाश्वती, रजा आणि वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ति या दृष्टीनें शासकीय नोकरी आजही वरचढ आहे. दोष एवढाच कीं, जागा थोड्या, उमेदवार हजारों, आणि परीक्षांच्या नादांत वयाचीं उत्तम वर्षें निघून जातात.

दुसरी वाट बँकांची. बँकांच्या सामाईक परीक्षेला अधिकाऱ्याच्या पदासाठीं खुल्या वर्गाची वयोमर्यादा तीस वर्षें आणि कारकुनाच्या पदासाठीं अठ्ठावीस वर्षें आहे. म्हणजे पदव्युत्तर शिक्षण संपतें तेव्हां हातीं थोडींच वर्षें उरतात. विदर्भ कोंकण ग्रामीण बँक १ मे २०२५ रोजीं महाराष्ट्र ग्रामीण बँकेंत विलीन झाली, तेव्हां जुन्या नांवानें जाहिरात शोधणाऱ्याला ती सांपडणार नाहीं.

तिसरी वाट उद्योगांची, आणि तिच्याकडे साहित्य अथवा विज्ञान शिकलेला तरुण बहुधा पाहतच नाहीं. वणीच्या परिसरांत वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळशाच्या खाणी आहेत. खाणकामगारांसाठीं १९४८ पासून स्वतंत्र भविष्य निर्वाह निधीचा कायदा आहे आणि १९९८ पासून निवृत्तिवेतनाची स्वतंत्र योजना. झरी-जामणी तालुक्यांत मुकुटबन येथें सिमेंटचा कारखाना आहे, आणि यवतमाळजवळ लोहारा औद्योगिक क्षेत्रांत डेनिम कापडाची गिरणी. मोठ्या उद्योगांना रसायनशास्त्राचा, संख्याशास्त्राचा, वाणिज्याचा माणूस प्रयोगशाळेंत, हिशेबखात्यांत आणि कर्मचारी विभागांत लागतो. अशा जागेला ‘प्राध्यापक’ या शब्दाचा मान नसेल, पण तिच्यामागें कायद्याची भिंत असण्याचा संभव मोठा. मात्र येथेंही एक विचारावें : नेमणूक कंपनीची आहे कीं कंत्राटदाराची? कंत्राटदाराचा माणूस असला तरी निधीची वर्गणी भरली जात आहे हें पाहण्याची जबाबदारी मूळ मालकावरही असते. पण कंत्राटदार बदलला कीं सेवेचा धागा तुटण्याचा धोका राहतोच. शासनाचीं पदेंही खासगी संस्थांमार्फत भरण्याचा निर्णय सप्टेंबर २०२३ मध्यें निघाला होता, आणि तीव्र विरोधानंतर ऑक्टोबरांत तो मागें घेण्यांत आला. त्या विरोधांत पदव्युत्तर तरुण पुढें होते, याचें कारण त्यांना हा फरक अनुभवानें कळलेला होता.

पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग एका बाजूला नागपूरला आणि दुसऱ्या बाजूला हैदराबादला पोंचतो, आणि कित्येक तरुण त्या वाटेनें किंवा पुण्याकडे निघून जातात. तेथें आंकडा मोठा दिसतो, परंतु घरभाडें, खाणावळ आणि प्रवास वजा जातां उरतें काय, हें आधीं मांडावें. आणि वर सांगितलेला हिशेब तेथेंही तसाच करावा.

नोकरी स्वीकारण्यापूर्वीं चार गोष्टी लेखी पाहाव्या. पत्रांत कोणता शब्द आहे आणि मूळ वेतन किती? निधि व विमा कोणत्या तारखेपासून? नेमणूक कोणाची आणि किती मुदतीची? आणि सुटीच्या, आजाराच्या व प्रसूतीच्या काळांत काय मिळतें? नव्या श्रमसंहितांप्रमाणें नेमणुकीचें पत्र देणें मालकावर बंधनकारक आहे. तें मागण्यांत उद्धटपणा नाहीं. कामावर रुजू झाल्यावर सार्वत्रिक खाते क्रमांक घ्यावा आणि वर्गणी खरोखर जमा होते कीं नाहीं, हें दरमहा पासबुकांत पाहावें. वेतनपत्रकांत कपात दिसणें आणि ती निधींत पोंचणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोकरी बदलतांना मागील रक्कम काढून घेण्याचा मोह टाळावा. पांच वर्षांच्या आंत काढलेल्या रकमेवर कर लागूं शकतो, आणि दहा वर्षांच्या सेवेची सांखळीही तुटते. तोच क्रमांक पुढें चालवून रक्कम नव्या खात्यांत वळविली, म्हणजे तीन ठिकाणीं केलेली चार-चार वर्षांची नोकरी निवृत्तिवेतनासाठीं बारा वर्षांची होते.

शेवटीं राहतो तो सर्वांत कठीण प्रश्न : संशोधन किंवा तासिकेचें काम अर्ध्यावर सोडावें कीं नाहीं? विद्येची किंमत रुपयांत होत नाहीं, हें खरें. परंतु वाट पाहण्याची किंमत रुपयांत होते. जो तरुण चोविसाव्या वर्षाऐवजीं बत्तिसाव्या वर्षीं निधीचा सदस्य होतो, त्यानें वरील उदाहरणाप्रमाणें आठ वर्षांत व्याज सोडूनही २,२५,६०० रुपये गमावलेले असतात, आणि निवृत्तिवेतनांतून महिन्याला सुमारें १,७१४ रुपये कायमचे वजा झालेले असतात. नियमित जागेची आशा जवळ असेल, नेट किंवा सेट झालेली असेल, आणि घर तग धरूं शकत असेल, तर एक ठराविक मुदत आंखून वाट पाहण्यांत कांहीं गैर नाहीं. पण मुदत आंखलेली असावी. ती संपल्यावर दुसरें काम धरणाऱ्याला गांवांत कोणी ‘शिक्षण वाया गेलें’ असें म्हणेल. त्याला उत्तर देण्याची घाई नसावी. ज्या वर्षीं पाऊस दगा देईल, आणि त्याच वर्षीं घरांत कोणी आजारी पडेल, त्या वर्षीं बापाला बी-बियाण्यासाठीं आणि औषधासाठीं कर्ज काढावें लागलें नाहीं, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय झाला, हें गांवाला न सांगतां कळेल.